राजदूत की आरएक्स? आदिलाबादच्या गॅरेजमधला एक तुलनात्मक तक्ता

सरकारी कचेरीत वीसेक वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. समोर दोन वस्तू आल्या की त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा. पंखा असो, कपाट असो, नाहीतर झेरॉक्स यंत्राची दुरुस्ती असो. डावीकडे तपशील, मधे पहिले कोटेशन, उजवीकडे दुसरे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. (कोटेशने खरे तर तीन लागतात, पण ते असो.) बाजारात बांगडे घेतानाही मी मनात असा तक्ता करतो, असे आमची सौ. म्हणते. गेल्या दिवाळीच्या रजेत ही खोड मला गोव्यापासून फार दूर, तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका गॅरेजमध्ये उपयोगी पडली. फरक इतकाच की तिथे समोर कोटेशने नव्हती, दोन जुन्या जपानी मोटारसायकली होत्या.

त्याचे असे झाले. माझी एक मावसबहीण आदिलाबादला दिली आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नुकताच नोकरीला लागला. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "अरे, तू तरी त्याला समजाव. साठवलेल्या पैशांतून जुनी फटफटी घेतो म्हणतो. नुसती घेत नाही, ती आणखी पळेल अशी करून घेतो म्हणतो. माझं ऐकत नाही. तुला गाड्यांतलं कळतं, तुझं ऐकेल."

मला गाड्यांतले कळते हा आमच्या नातेवाइकांत पसरलेला समज आहे. कॉलेजात असताना मोठ्या भावाची यामाहा आरएक्स १०० मी चालवत असे, इतकेच त्याचे भांडवल. पण ताईच्या आवाजातली भीती मला ओळखीची होती. आमच्याच वर्गात एक मुलगा होता. त्याचीही आरएक्स. पणजीतल्या कुठल्याशा गॅरेजात त्याने तिचे हेड घासून घेतले, सायलेन्सर बदलला, आणि पुढचे दोन महिने आम्हा सगळ्यांना तिच्यावर बसवून फिरवले. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री तो घरी परतलाच नाही. वळणावर समोर ट्रक उभा होता, असे दुसऱ्या दिवशी कळले. त्याची आई पुढे कितीतरी वर्षे आम्हाला बाजारात भेटायची आणि "कसो आसा रे?" म्हणून आमचीच चौकशी करायची. तिला काय उत्तर द्यावे ते आम्हाला कधी सुचले नाही.

म्हणून मी आदिलाबादला गेलो तो भाच्याला नाही म्हणायला, हे आधी कबूल करतो.

आदिलाबाद म्हणजे जुने एदलाबाद. हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, पैनगंगेच्या अलीकडचे गाव. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. हा सगळा मुलूख निजामाच्या संस्थानातला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातला किनवटचा आणि राजुऱ्याचा भाग नांदेडला जोडला गेला (राजुरा पुढे चांद्याकडे गेला), बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले, २०१६ साली जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. पण आदिलाबादच्या बाजारात कापसाचा भाव आजही तेलुगूइतकाच मराठीतून विचारला जातो. आपण गोव्यातली मराठी माणसे. शासनाचा कारभार एका भाषेत, देवळातले कीर्तन दुसऱ्या भाषेत आणि भांडण तिसऱ्या भाषेत ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मला तिथे पहिल्याच दिवशी घरच्यासारखे वाटले.

भाच्याने रात्री जेवण झाल्यावर मोबाइल काढून मला चित्रे दाखवली. टोयोटा सुप्रा, निस्सान स्कायलाइन. जुन्या जपानी स्पोर्ट्स कार घ्यायच्या, त्यांच्या इंजिनात फेरफार करून दुप्पट ताकद काढायची, हा जगभरच्या पोरांचा छंद. कोणती घ्यावी यावर तिकडे तासन्तास वाद चालतात. मी म्हटले, "अरे, पण या आपल्याकडे मिळणार कुठे?" तो हसला. "तेच तर, मामा. आपल्याकडे त्या आल्याच नाहीत. आपल्याकडे आल्या त्या या दोन." आणि त्याने तिसरे चित्र दाखवले: एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली राजदूत ३५० आणि तिच्या शेजारी आरएक्स १००.

मुलगा चुकीचे बोलत नव्हता. १९९१ च्या आधी परदेशी गाडी आणणे हे सामान्य माणसाचे काम नव्हते. आपल्याकडे १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात परदेशी मोटारी सर्रास येत, त्यांच्या आठवणी जुने लोक अजून काढतात. पण मुक्तीनंतर आपणही बाकीच्या देशासारखेच ॲम्बॅसडर आणि फियाटवर आलो. जपानचे तंत्र भारतीय रस्त्यावर आले ते ऐंशीच्या दशकात, सरकारने परदेशी कंपन्यांशी करार करायला वाट मोकळी केल्यावर. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या मदतीने मारुती ८०० आली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज. पण या सगळ्या दुचाकींच्या आधी, १९८३ मध्येच, एस्कॉर्ट्स कंपनीने एक गाडी काढली होती. ती राजदूत ३५०.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गॅरेजवर गेलो. मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. बोलणे दखनी, मराठी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांचे मिश्रण. भाच्याने माझी ओळख करून दिली, "हे माझे मामा, गोव्याचे, सरकारात आहेत." चाचांनी हात पुसत मला स्टूल दिले. मी खिशातून वही काढली, पानावर उभ्या रेघा मारल्या आणि तक्ता सुरू केला.

पहिला रकाना, राजदूत ३५०.

राजदूत हे नाव आपल्या वाचकांना 'बॉबी'मुळे आठवेल. १९७३ सालचा तो सिनेमा, ब्रागांझा आडनावाच्या गोंयकार मुलीचा, आणि त्यातली ती बुटकी मोटारसायकल. ती राजदूत जीटीएस. एस्कॉर्ट्सची नेहमीची राजदूत १७५ ही पोलंडच्या गाडीवरून घेतलेली, दणकट आणि सावकाश. दूधवाल्यांची गाडी म्हणूनच ती देशभर ओळखली गेली. त्याच कंपनीने त्याच नावाने यामाहाची आरडी ३५० आणली. १९८३ च्याच 'हिरो' सिनेमात जॅकी श्रॉफ ती चालवताना दिसला आणि देशातल्या तरुणांची झोप उडाली.

या गाडीला दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानमध्ये ती १९७३ ची. तिथे तिचे इंजिन ३९ अश्वशक्तीचे होते आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतात येताना तिच्यात दोन बदल झाले. इंजिनाची ताकद साडेतीस अश्वशक्तीवर आणली, आणि डिस्क ब्रेक काढून त्या जागी ड्रम ब्रेक बसवला. कारण खर्चाचे. पुढे १९८५ च्या सुमारास, गाडी पेट्रोल फार पिते अशी ओरड झाल्यावर, कंपनीने ताकद आणखी कमी करून सुमारे २७ वर आणली. पहिलीला 'हाय टॉर्क' आणि दुसरीला 'लो टॉर्क' असे लोक म्हणू लागले. तरीही लिटरला वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर ती फारशी गेली नाही. शेजारच्या दुकानात हिरो होंडा ऐंशी किलोमीटरचा दावा करत उभी होती. दशक संपता संपता राजदूत ३५० बंद झाली.

"लोक म्हणतात फेल गाडी," चाचा म्हणाले. "गाडी फेल नव्हती साहेब. लोकांचा खिसा फेल होता."

दुसरा रकाना, आरएक्स १००.

ही १९८५ च्या अखेरीस आली. करार त्याच दोन कंपन्यांचा, पण विचार वेगळा. एकच सिलिंडर, ९८ सीसी, चार गिअर, अकरा अश्वशक्ती. कागदावर हे आकडे राजदूतपुढे हास्यास्पद दिसतात. पण तिचे वजन जेमतेम १०३ किलो. मी तिथेच भागाकार केला. दर शंभर किलोमागे आरएक्सला साडेदहाच्या थोडी वर अश्वशक्ती, हाय टॉर्क राजदूतला वीसच्या घरात. म्हणजे राजदूत जवळजवळ दुपटीने सरस. मात्र आरएक्सच्या तोडीच्या ज्या बाकीच्या शंभर सीसीच्या गाड्या होत्या त्यांना सात-आठ अश्वशक्तीच्या आसपास समाधान मानावे लागे. सिग्नल सुटल्यावर शेजारची गाडी मागे राहते की नाही, एवढेच गावातल्या पोराला कळते, आणि तिथे आरएक्स राज्य करत होती. लिटरला चाळीसच्या आसपास जायची. १९९६ पर्यंत ती निघत राहिली. मग धुराचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोकचे दिवस भरले, आणि तिच्या मागून आलेली आरएक्स १३५ ही काही वर्षांनी थांबली.

इथपर्यंत माझा तक्ता ठीक चालला होता. मग मी पुढची ओळ लिहिली: 'फेरफारास वाव'. आणि चाचांना म्हटले, "आता हे तुम्ही सांगा."

त्यांनी आरएक्सचा एक सुटा सिलिंडर हातात घेतला. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. धूर बाहेर जाण्याची खिडकी कानशीने थोडी वर सरकवली की इंजिन वरच्या फेऱ्यांत जास्त ताकद देते, पण खालच्या फेऱ्यांत तेवढीच गमावते. गावात चालवायला मग गाडी मरतुकडी होते. हेड घासले की दाब वाढतो, ताकद वाढते, आणि तापही वाढतो. सायलेन्सर बदलला, हवा जास्त ओढली जाऊ लागली, आणि कार्बोरेटरचा जेट मात्र जुनाच ठेवला, तर पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये आत जाणारे पेट्रोल पिस्टनला थंड ठेवायलाही मदत करते. ते कमी पडले की पिस्टन फुगून जागच्या जागी धरतो. "सीझ," चाचा म्हणाले. "ऐंशीच्या स्पीडला मागचं चाक एकदम जाम. मग अल्लाच मालिक."

मी लिहायचा थांबलो. वर्गातल्या त्या मुलाच्या गाडीचे नेमके काय झाले हे आम्हाला कधीच कळले नव्हते. ट्रक उभा होता एवढेच कळले होते.

राजदूतचे काम दुप्पट अवघड, हे चाचांनी पुढे सांगितले. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, स्पार्कचे पॉइंटही दोन. एकाला केले ते दुसऱ्याला केसाचाही फरक न करता करावे लागते, नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याचे ओझे वाहतो. जुनी घेताना दोन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन सारखे आहे का ते पाहायचे. क्रँकचे सील गेले असतील तर गिअरचे ऑइल इंजिनात ओढले जाते आणि पांढरा धूर निघतो, किंवा बाहेरची हवा आत शिरते आणि पुन्हा तेच, सीझ. वर सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर सोन्याच्या भावाने. आरएक्सचे भाग कुठेही मिळतात, पण त्यात नकलीच फार. पिस्टन घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

"म्हणजे राजदूत नकोच म्हणा," मी शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवले.

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी राजदूतचा कॉक उघडला, किक मारली आणि चावी चालू ठेवूनच मला म्हणाले, "साहेब, एक चक्कर मारून या. मग लिहा."

नाही म्हणायला हवे होते. पण मी गेलो. महामार्गाच्या जुन्या तुकड्यावर, कापसाच्या शेतांमधून, रस्ता मोकळा होता. सुरुवातीला गाडी जड वाटली, जराशी आळशीच. मग फेऱ्या पाच हजाराच्या आसपास गेल्या आणि खालून कुणीतरी ढकलल्यासारखे झाले. तो आवाज, तो उडालेला श्वास मला वहीत मांडता येणार नाही. वयाची पंचेचाळीस वर्षे, घरचे कर्ज, ताईचा फोन, सगळे मागे राहिले. आणि मग दूरवर एक बैलगाडी रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मला वाटले होते त्यापेक्षा बऱ्याच पुढे थांबली. बैलगाडीवाल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता बैल हाकले. माझे गुडघे थरथरत होते.

परतताना मी सावकाश आलो आणि तेव्हा या दोन गाड्यांचा इतिहास मला नीट लागला. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला चौपट अंतर लागते, हे शाळेत शिकवलेले. जपानच्या कारागिरांनी हा हिशेब करून त्या इंजिनापुढे डिस्क ब्रेक ठेवला होता. इथे इंजिन ठेवले, ब्रेक कापला. पुढे पेट्रोलसाठी ताकद आणखी कमी केली. ब्रेकबद्दल ओरड कुणी केली असेल, तरी तिकडे कुणी लक्ष दिले नाही. आणि आता चाळीस वर्षांनी आपली पोरे कानशी घेऊन बसतात ती कंपनीने काढून घेतलेली ताकद परत मिळवायला. काढून घेतलेला ब्रेक मात्र कुणी परत मागत नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे वळणावर गवताच्या गंज्या असत, शेजारी डॉक्टर असे. आपल्या रस्त्यावर बैलगाडी असते, म्हापशाच्या वळणावर उभा ट्रक असतो.

गॅरेजवर आलो तेव्हा भाचा डोळ्यांत प्राण आणून उभा होता. "कशी वाटली, मामा?"

खोटे बोललो असतो तर त्याने ओळखले असते. मी म्हटले, "अप्रतिम. आणि मी आत्ता मरता मरता वाचलो." मग त्याला बैलगाडीचे सांगितले, आणि वर्गातल्या त्या मुलाचेही. त्या मुलाबद्दल मी घरात आजवर कुणाशी बोललो नव्हतो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "त्यांच्या गाडीचे ब्रेक बदलले होते?" मी म्हटले, "नाही. त्यासाठी त्याच्याकडे पैसे उरले नव्हते."

शेवटी ठरले ते असे. आरएक्स घ्यायची. इंजिनाला कानस लावायची नाही. कंपनीने जसे काढले तसे ते आधी पुन्हा उभे करायचे. पहिला पैसा ब्रेकचे लायनर, टायर, क्रँकचे सील आणि अस्सल पिस्टन यांवर. चाचा म्हणाले, "आजकाल अशी ओरिजिनल आरएक्स आहे कुठे साहेब? सगळ्यांनी कापून टाकल्या. जशीच्या तशी ठेवणं हेच आता मोठं काम." भाच्याचा चेहरा उतरला होता हे मी नाकारत नाही. राजदूतच्या टाकीवरून त्याने एकदा हात फिरवला. मीही फिरवला.

मालकी बदलण्याचे अर्ज, नमुना २९ आणि ३०, मी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या अक्षरात भरून दिले. वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, हेही भाच्याला वाचून दाखवले. माझ्याकडे देण्यासारखे तेवढेच होते. ताई चहा ठेवत होती. तिने विचारले, "मग, समजावलंस ना त्याला?" मी म्हटले, "समजावलं." राजदूतवरून मारलेली चक्कर मी तिला सांगितली नाही. भाच्यानेही नाही.

वहीतला तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. आरएक्सच्या खाली 'शिफारस' असे लिहिले आहे. राजदूतच्या खालचा शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला आहे. आमच्या कचेरीत कोरा रकाना असलेला तक्ता साहेब परत पाठवतात. हा कुणाकडे पाठवायचा नाही, म्हणून तसाच राहू दिला.